अठ्ठावीस युगांचा हिशोब

(शताब्दी सोहळ्यात खारबाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आम्हांला विषय दिला आहे 'धर्मग्रंथांतील संख्या'. विषय ऐकल्यावर दोघातिघांनी विचारलंच, बुवा, आता मंडपात गणित शिकवणार का? शिकवणार. पण पाटी-पेन्सिल लागणार नाही. ज्याला खळ्यावर भात मोजता येतो त्याला यातलं सगळं समजेल.

हा विषय आम्ही आनंदाने घेतला, त्याला कारण आहे. सप्ताहात काकडा उरकला की चहाच्या वेळी पोरं विचारतात. आरतीत अठ्ठावीस युगं म्हणता, ती किती वर्षं झाली? तेहतीस कोटी देव कोणी मोजले? नामदेवरायांनी शंभर कोटी अभंगांचा पण केला, मग गाथ्यात दोन-अडीच हजारच का? प्रश्न चांगले आहेत. उत्तर मात्र बहुतेक वेळा एकच मिळतं : "शंका घेऊ नको, गप टाळ वाजव." एकदा गप्प बसवलेलं पोर दुसऱ्यांदा विचारतं, तिसऱ्यांदा विचारत नाही, आणि चौथ्या वर्षी दिंडीत दिसत नाही. शंभर वर्षं झालेल्या दिंडीने याचा विचार करायचा नाही तर कोणी करायचा?

दुसऱ्या बाजूने मोबाइलवरचे संदेश आहेत. त्यांत प्रत्येक आकडा म्हणजे ऋषींनी लपवून ठेवलेलं विज्ञान. तेही आम्हांला पटत नाही. दोन्हीकडची माणसं एकच गोष्ट करतात, आकडा आधी नीट ऐकून घेत नाहीत.

तर आधी खळ्यावर येऊ. आपल्या जुन्या लोकांना भात मोजताना ज्यांनी ऐकलंय त्यांना आठवेल, पहिलं माप पडलं की 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन, चार... वीस मण झाले की खंडी. आता यात हिशोब चुकला का? नाही. धान्य तेवढंच भरलं. पण मोजणीची पहिली जागा देवाची ठेवली. आमच्या आज्या शंभर म्हणत नसत, 'पाच विसा' म्हणत. वीस हा त्यांचा गठ्ठा, कारण हातापायाची बोटं वीस. दक्षिणा द्यायची तर शंभर देत नाहीत, एकशे एक देतात. रुपयाच्या जागी सव्वा रुपया. पूर्ण आकड्यावर थांबायचं नाही, पुढे थोडं वाढतं ठेवायचं. म्हणजे आपल्याच अंगणात संख्येची दोन कामं होती. एक मोजायचं, दुसरं सांगायचं. ही दोन कामं वेगळी ओळखता आली की निम्मे प्रश्न सुटतात.

आता अठ्ठावीस युगं. घरात सत्यनारायण असो की वास्तुशांत, भटजी संकल्प सांगतात तेव्हा त्यात हा आकडा येतो, फक्त संस्कृतात येतो म्हणून आपल्या कानावरून जातो. वैवस्वत मन्वंतर, अठ्ठावीसावी चौकडी, कलियुग, त्याचा पहिला चरण. हा पत्ताच आहे. जसा आपण सांगतो, जिल्हा ठाणे, तालुका भिवंडी, मुक्काम खारबाव, तसा काळाचा पत्ता.

त्याची मोजणी अशी. कलियुग ४,३२,००० वर्षांचं. द्वापर त्याच्या दुप्पट, ८,६४,०००. त्रेता तिप्पट, १२,९६,०००. कृतयुग चौपट, १७,२८,०००. चारांची बेरीज ४३,२०,०००, म्हणजे कलियुगाच्या बरोबर दहापट. ही एक चौकडी. अशा ७१ चौकड्यांचा एक मनू, आणि १४ मनूंचा ब्रह्मदेवाचा एक दिवस. पोरांनो, गुणाकार करा : चौदा गुणिले एकाहत्तर किती? ९९४. पण ब्रह्मदेवाचा दिवस तर हजार चौकड्यांचा सांगितलाय. सहा कमी पडल्या. त्या कुठे गेल्या? प्रत्येक मनूच्या आधी आणि शेवटच्या मनूच्या नंतर एकेक संधिकाल धरलाय, असे १५ संधिकाल, प्रत्येक एका कृतयुगाएवढा. १७,२८,००० ला १५ ने गुणा आणि ४३,२०,००० ने भागा. बरोबर सहा येतात. बाकी शून्य.

ज्याने कोणी हे मांडलं तो जमाखर्च पक्का लिहिणारा माणूस होता, एवढं तर मान्य करावं लागेल. या हिशोबाने आजवर २७ चौकड्या पूर्ण झाल्या, अठ्ठावीसावीतली तीन युगं गेली, ती १२,०५,२८,००० वर्षं, आणि वर कलियुगाची पाच हजार शंभरावर. कलियुगाची सुरुवात पंचांगकर्ते इ.स.पू. ३१०२ ला धरतात. म्हणजे विठोबा विटेवर उभा आहे त्याला, आरतीच्या शब्दांत, बारा कोटींहून अधिक वर्षं झाली.

पोरगं म्हणतं, तेव्हा माणूस नव्हता. बरोबर आहे त्याचं. माणसाच्या जातीचा काळ शास्त्रज्ञ सुमारे तीन लाख वर्षं सांगतात. पण आरती रचणाऱ्याने पुंडलिकाच्या घराचा दाखला दिलेला नाही. त्याला म्हणायचंय, काळाचा जो सगळ्यांत मोठा हिशोब तुमच्या पंचांगात आहे, त्याच्या या टोकाला, आजच्या पानावर, देव अजून उभाच आहे. बसला नाही. संकल्पातला जड आकडा उचलून त्याने आरतीत आणला आणि तो शेतकऱ्याच्या, शिंप्याच्या, कुंभाराच्या तोंडी बसवला.

कीर्तनकारांनी याच अठ्ठावीसाची दुसरी फोड केली. वेद चार, शास्त्रं सहा, पुराणं अठरा. बेरीज करा. अठ्ठावीस. वेद, शास्त्रं, पुराणं सगळी मिळून ज्याचं वर्णन करताना थकली, तो हा विटेवरचा. ही फोड इतिहास म्हणून कोणी सांगत नाही, बोध म्हणून सांगतात. आम्हांला स्वतःला ती आवडते. पण ती सांगताना 'हाच खरा अर्थ, बाकीचे खोटे' असं म्हणू नये.

आता ४,३२,००० हा आकडा नेमका कुठून आला असेल? इथे जरा थांबू, कारण गोष्ट मजेची आहे. शतपथ ब्राह्मणात सांगितलंय की प्रजापतीने ऋचांची मांडणी केली तेव्हा त्या १२,००० बृहती भरल्या. बृहती हा छंद ३६ अक्षरांचा. १२,००० गुणिले ३६ करा : ४,३२,०००. म्हणजे ऋग्वेदाची अक्षरं तेवढी. त्याच ग्रंथात वर्षाचे मुहूर्त मोजलेत, दिवसाचे ३० आणि वर्षाचे ३६० दिवस, म्हणजे १०,८००, आणि अग्निचयनाच्या वेदीत विटाही १०,८०० सांगितल्यात. हा आकडा ४० ने गुणला की पुन्हा ४,३२,०००. वीट मोजली तरी वर्ष, अक्षर मोजलं तरी वर्ष. वेदी बांधायची म्हणजे काळच रचायचा, अशी ती कल्पना.

ऋग्वेदातली अक्षरं आज मोजली तर ती चार लाखांच्या अलीकडेच भरतात. मग ब्राह्मणग्रंथ खोटं बोलला? आमचं म्हणणं, त्याने 'लाभ' म्हटलं. मोजणी सुरू केली, आणि तिला वर्षाच्या मापात बसवलं.

तिकडे बाबिलोनमध्ये, आजच्या इराकात, इ.स.पू. तिसऱ्या शतकात बेरोसस नावाचा पुरोहित होऊन गेला. त्याने ग्रीक भाषेत आपल्या देशाचा इतिहास लिहिला. महापुराच्या आधी दहा राजे झाले आणि त्यांनी एकूण १२० 'सार' राज्य केलं असं तो सांगतो. एक सार म्हणजे ३,६०० वर्षं. एकशेवीस सारांचे किती होतात? ४,३२,०००. मंडपात कुजबुज झाली ती आम्हांला ऐकू आली. लगेच 'त्यांनी आपल्याकडून चोरलं' असं म्हणू नका, आणि 'आपण त्यांच्याकडून घेतलं' असंही नको. हे लोक साठाने मोजायचे. आपणही काळ साठानेच मोजत आलो : साठ पळांची घटका, साठ घटकांचा दिवसरात्र, साठ संवत्सरांचं चक्र. साठाने मोजणाऱ्याला ४,३२,००० हा आकडा तसाच गोल वाटतो, जसा आपल्याला शंभर किंवा हजार. ज्याच्या हाती जसं माप, तसा त्याचा गोल आकडा.

जपमाळेतले १०८ मणी याच कुळातले. योगग्रंथ माणसाचे दिवसरात्रीचे श्वास २१,६०० धरतात, म्हणजे मिनिटाला पंधरा. स्वस्थ बसलेल्या माणसाचे साधारण तेवढेच होतात, मोजून बघा. त्यातला अर्धा वेळ देहाच्या कामांना सोडला तर राहिले १०,८००. एकेक श्वासाला नाम घेणं प्रापंचिकाला झेपत नाही, म्हणून शंभरावा हिस्सा, १०८. हा हिशोब माळ ओढताना पाठ असला तर हात यंत्रासारखा चालत नाही.

तेहतीस कोटींचा प्रश्न उपनिषदातच विचारून झालाय, आणि विचारणाऱ्याला कोणी गप्प बसवलं नव्हतं. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या सभेत विदग्ध शाकल्य याज्ञवल्क्यांना विचारतो, देव किती? याज्ञवल्क्य सांगतात, तीन आणि तीनशे, तीन आणि तीन हजार. म्हणजे ३,३०६. शाकल्य म्हणतो ठीक, पण खरे किती? तेहतीस. बरं, पण खरे किती? सहा. खरे किती? तीन. मग दोन. मग... दीड! आणि शेवटी एक. तेहतीसांची यादीही दिली आहे : आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, इंद्र आणि प्रजापती. दीड देव कोण, तर वारा. तो एकटाच वाहतो, मग दीड कसा? तर त्याच्यामुळे सगळं वाढतं, म्हणून एकावर अर्धा चढवलाय. सव्वा रुपयातला पाव आठवला का? वाढतं ठेवणं तेव्हापासूनचं आहे. आणि साडेतीन तर आपल्या भाषेच्या हाडात आहे. मुहूर्त साडेतीन, देवीची पीठं साडेतीन, देह ज्याच्या-त्याच्या हाताने साडेतीन हात, सहाव्या अध्यायात माउलींनी वर्णन केलेल्या कुंडलिनीचे वेढे साडेतीन, आणि ओंकाराच्या मात्रा साडेतीन. जुन्या मराठीत त्याला 'औट' असा स्वतंत्र शब्द आहे.

तर मूळ वेदात तेहतीस आहेत, 'कोटी' नाही. हल्ली सांगतात की कोटी म्हणजे प्रकार, तेहतीस प्रकारचे देव. संस्कृतात कोटी शब्दाला तसा अर्थ आहे, हे खरं. पण गाईच्या अंगी तेहतीस कोटी देव पाहणाऱ्या आपल्या पणजीला कोटी म्हणजे कोटीच म्हणायचं होतं. उगीच तिचा शब्द सावरायला जाऊ नये. लोकांनी तेहतीस वाढवून तेहतीस कोटी केले, कारण त्यांना प्रत्येक ओढ्यात, प्रत्येक वेशीवर देव दिसला. याज्ञवल्क्य त्याच जिन्याने खाली उतरत एकापर्यंत आले. जिना एकच आहे, चढणारेही आहेत नि उतरणारेही.

आता नामदेवरायांचे शंभर कोटी. एका मुलाने आम्हांला हिशोब करून दाखवला. मिनिटाला एक अभंग, न झोपता, न जेवता, तरी शंभर कोटी मिनिटांची १,९०० वर्षं होतात. गुणाकार-भागाकार अचूक आहे. शाबास म्हणालो आम्ही त्याला. पण मग त्याला दुसरा भागाकार सांगितला, तो कीर्तनात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो.

वाल्मीकींनी शंभर कोटी श्लोकांचं रामायण रचलं. देव, दैत्य आणि मानव तिघेही भांडू लागले, आम्हांला हवं. भांडण शंकरांकडे गेलं. त्यांनी तीन वाटे केले. प्रत्येकाला ३३ कोटी दिले, एक कोटी उरले. त्यांतले ३३ लाख प्रत्येकी दिले, एक लाख उरले. असं करत करत प्रत्येकाच्या वाट्याला ३३,३३,३३,३३३ श्लोक आले आणि एक श्लोक उरला. श्लोक अनुष्टुभ छंदातला, अक्षरं ३२. ती दहा-दहा वाटली, तीस गेली. बाकी राहिली दोन. शंकर म्हणाले, वाटपाची मजुरी म्हणून ही दोन अक्षरं मी ठेवतो. ती दोन अक्षरं 'राम'.

हा भागाकार चुकत नाही. शंभर कोटीला तीनने भागलं की बाकी एकच राहणार, बत्तीसला तीनने भागलं की दोनच. शाळेत बाकी उरली की आपल्याला वाटतं हिशोब अपुरा राहिला. इथे सगळा हिशोब त्या बाकीसाठी मांडलाय. वाल्मीकींनी शंभर कोटी केले तर मी विठोबासाठी तेवढे करीन, हा नामदेवांचा पण याच कथेच्या अंगाने वाचायचा. परंपरा सांगते, घरच्या मंडळींनी त्यात वाटा उचलला, आणि तरी राहिलेलं काम तीनशे वर्षांनी तुकोबांच्या स्वप्नात आलं. तुकोबांचा गाथा सुमारे साडेचार हजार अभंगांचा. आकडा पूर्ण झाला नाहीच. तो पूर्ण व्हायचा असता तर तुम्ही-आम्ही टाळ कशाला उचलले असते?

सगळेच मोठे आकडे असे नसतात, हेही लक्षात घ्या. समर्थ रामदासांनी टाकळीला बारा वर्षांत तेरा अक्षरी मंत्राचा तेरा कोटी जप केला असं सांगतात. याचा भागाकार केला तर रोजचा सुमारे तीस हजार जप होतो. बारा तास बसलं तर एका जपाला दीड सेकंद. कठीण आहे, पण माणसाला अशक्य नाही. म्हणून आकडा दिसला की आधी भागून बघावं. काही आकडे मोजायचे असतात, काहींपुढे हात जोडायचे असतात. पहिल्याच्या पाया पडणारा आळशी, आणि दुसऱ्यावर फूटपट्टी लावणारा रुक्ष.

चौऱ्याऐंशी लाख योनींचंही असंच. पुराणात वाटणी दिली आहे : जलचर ९ लाख, स्थावर २०, कृमिकीटक ११, पक्षी १०, पशू ३० आणि मानव ४ लाख. बेरीज ८४. सन २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी एक अंदाज प्रसिद्ध केला की पृथ्वीवर सुमारे ८७ लाख जीवजाती असाव्यात. झालं, मोबाइलवर सुरू : बघा, ऋषींना माहीत होतं! अहो, त्याच यादीत माणसाच्या जाती चार लाख आहेत, आणि जीवशास्त्रात आपण सगळे मिळून एकच जात. ही यादी जीवशास्त्राची नाही. माणसाचा जन्म किती फेऱ्यांनंतर हाती आला हे मनावर ठसवणारी ती यादी आहे. त्या ८७ लाखांचा टेकू तिला लागत नाही, आणि उद्या शास्त्रज्ञांनी अंदाज बदलला की टेकू घेणाऱ्याची फजिती.

पंढरपूरला विठ्ठलमंदिरात एक शिलालेख आहे, चौऱ्याऐंशीचा शिलालेख म्हणतात त्याला. शके ११९५ ते ११९९ मधला, यादवराजा रामचंद्राच्या काळातला. त्या दगडावर काय आहे? मंदिरासाठी ज्यांनी देणग्या दिल्या त्यांची नावं आणि रकमा. सरळ वर्गणीची यादी. आणि लोक काय करत? त्या शिळेवर पाठ घासत, म्हणजे चौऱ्याऐंशी लाखांचा फेरा चुकतो. एकाच दगडावर दोन्ही संख्या नांदल्या, मोजलेली आणि मानलेली. या स्मरणिकेच्या मागच्या पानांवर तुमची जी देणगीदारांची यादी येणार आहे, तिचं कुळ सातशे वर्षांचं आहे, बरं का. कोणाचं नाव गाळू नका.

दुसऱ्या धर्मांतही हेच. भिवंडीच्या रस्त्यावर टेम्पोवर ७८६ लिहिलेलं आपण रोज बघतो. अरबी अक्षरांना प्रत्येकी एक किंमत असते, त्यानुसार बिस्मिल्लाच्या अक्षरांची बेरीज ७८६ होते. देवाचं नाव धुळीत पडू नये म्हणून आकडा लिहायचा. हिब्रू अक्षरांनाही अशाच किमती आहेत. दावीद राजाच्या नावाची बेरीज होते १४, आणि बायबलात मत्तयाने येशूची वंशावळ सांगताना चौदा-चौदा पिढ्यांचे तीन भाग केलेत. कोकणातले बेने इस्राएल सांगतात की त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा सात जोडपी वाचली. ते तेलाचा घाणा चालवत आणि सातव्या दिवशी, शनिवारी, घाणा बंद ठेवत. म्हणून आपल्या लोकांनी त्यांना नाव दिलं शनवार तेली. आणि आपला सप्ताह सातच दिवसांचा का? परीक्षिताला सातच दिवस मिळाले होते म्हणून.

आपल्याकडे अक्षरांच्या किमती होत्या, शिवाय शब्दांच्याही होत्या. चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद चार, बाण पाच, मुनी सात. ज्योतिषाचे आणि धर्माचे ग्रंथ श्लोकांत असायचे, आकडे पाठ करताना चुकतात, शब्द चुकत नाहीत, म्हणून ही युक्ती. एककापासून सुरुवात करून अंक डावीकडे मांडत जायचे. 'नेत्र-चंद्र-नेत्र-चंद्र' म्हटलं की पंडिताने ओळखायचं : १२१२.

हाच शक आम्ही मुद्दाम घेतला. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०. नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण झाली ते साल. माउली पंडित होते, हे कोडं घालणं त्यांना हाताचा मळ होता. पण ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी साल सांगितलं ते साध्या मराठी शब्दांत, बाजारात भाव सांगावा तसं. संस्कृतातला अर्थ मराठीत आणणाऱ्याने आकडासुद्धा मराठीत आणला. कोणाला विचारायला जायला नको, ओवी ऐकली की साल कळलं. पुढे नाथबाबांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हाही साल नोंदवून ठेवलं. म्हणून आज तीनशे वर्षांचा हा मधला काळ आपल्याला बोटावर मोजता येतो.

आणि ज्ञानेश्वरीचे आकडे वाचण्यासारखे आहेत. गीतेचे श्लोक ७००, प्रचलित प्रतीतल्या ओव्या नऊ हजारांवर थोड्या. म्हणजे एका श्लोकाला साधारण तेरा. पण माउलींनी सगळीकडे सारखं वाढलेलं नाही. बाराव्या अध्यायात वीस श्लोकांना पावणेदोनशे नव्हे, २४७ ओव्या, तेरापेक्षा थोड्या कमीच. तेराव्यात मात्र चौतीस श्लोकांना ११७० च्या आसपास, श्लोकाला चौतीस! का? तिथे ज्ञानी माणसाची लक्षणं आहेत. अहिंसा हा गीतेत एक शब्द. माउली त्यावर शंभराहून अधिक ओव्या बोलतात : पाऊल कसं टाकावं, बघावं कसं, हात कसा फिरवावा. पारायण करताना आपण पानं मोजतो, आज किती झाली, उद्या किती राहिली. एकदा अशी ओव्यांची मोजणी करून बघा, माउली कुठे रमले ते दिसेल.

शेवटचा मुद्दा आपल्या घरचा आहे आणि थोडा अवघड आहे. स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर काय छापायचं यावर समितीत वाद चालू आहे. काहींचं म्हणणं, 'अखंड शंभर वाऱ्या'. काही म्हणतात, सन २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे आपली दिंडी निघाली नाही, माउलींच्या पादुकासुद्धा एसटीने पंढरीला गेल्या, तेव्हा पायी वाऱ्या अठ्ठ्याण्णव. पहिल्या बाजूचे लोक दुखावलेत. ते म्हणतात, त्या दोन वर्षी आम्ही घरात उभं राहून सगळा क्रम केला, तो मोजायचा नाही का?

आमचं मत विचारलंत म्हणून सांगतो. वारीची वही हा मोजायचा आकडा आहे. कोण चाललं, किती मुक्काम झाले, कोण वाटेत गेलं, हे तिच्यात लिहिलंय, ती शतकोटीची गोष्ट नाही. म्हणून तिच्यात अठ्ठ्याण्णवच लिहावं. त्या दोन वर्षांच्या पानावर कोरं न सोडता लिहावं की दिंडी निघाली नाही, का निघाली नाही, आणि त्या दोन वर्षांत आपण कोणकोण गमावलं. ती नावं आहेत, तुम्हांला सगळ्यांना पाठ आहेत. मुखपृष्ठावर 'शंभर वर्षं' म्हणा, ते खरंच आहे. आत 'पायी वाऱ्या ९८' म्हणा. आज टाळ धरायला शिकणारं पोर उद्या ही वही उघडेल, वर्षं मोजेल आणि वाऱ्या मोजेल. दोन कमी का, असं विचारेल. त्याला उत्तर त्याच पानावर मिळालं पाहिजे.

छपाईला आकडा परवा द्यायचा आहे, तेव्हा समितीने आज रात्रीच बसून घ्यावं. आता हरिपाठाची वेळ झाली. पखवाज लावून घ्या.

रामकृष्ण हरि.